आफ्टरशॉक किती वाजता आहे?

सौंसर तालुक्यात माझा चेहरा फार थोड्यांना माहीत आहे, आवाज मात्र सगळ्यांना. बाजारात मी मुकाट उभी असते तोवर ठीक असतं. "कसे दिले संत्रे?" एवढं विचारलं की टोपल्यामागची बाई मान वर करते. "अवं बाप्पा! तुमी भोंग्यावाल्या बाई ना?" झालं. आजूबाजूच्या चारजणी बघायला येतात आणि एवढ्या लोकांसमोर घासाघीस करायची मला लाज वाटते. या आवाजाने मला मान दिला, पण संत्री कधी स्वस्त मिळू दिली नाहीत.

माझा धंदा दवंडीचा. ऑटोच्या टपावर दोन भोंगे, सीटखाली बॅटरी, आणि मागे हातात माइक घेऊन मी. पुढे गाडी चालवणारे आमचे हे, मधुकरराव. खरं तर हा धंदा त्यांनी काढला होता. भोंगे आणले, ऑटो रंगवला, पहिलं काम मिळवलं. लोधीखेड्याच्या चौकात गाडी उभी केली, माइक तोंडाशी धरला आणि म्हणाले, "ऐका." पुढे काहीच नाही. लोक बिचारे बराच वेळ ऐकत उभे राहिले. मी डबा द्यायला म्हणून सोबत आले होते. शेवटी मीच त्यांच्या हातून माइक घेतला, तो आजतागायत परत दिलेला नाही. त्यांचीही तक्रार नाही. घरीसुद्धा ते एवढंच बोलतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय आहे, कागद वाचायचा. तसं नाही. गाडी बैलाच्या चालीने न्यावी लागते, नाहीतर एका घराला अर्धं वाक्य आणि दुसऱ्या घराला उरलेलं अर्धं मिळतं. नळाला पाणी आलं असेल तेव्हा बोलून उपयोग नसतो, बायका भांड्यांच्या आवाजात असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी गाव रिकामं, तेव्हा संध्याकाळी बाया परतायच्या वाटेवर गाडी लावायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'केव्हा' हे शेवटी सांगायचं, दोनदा सांगायचं. कारण भोंगा वाजला की माणूस हातातलं काम आटोपून, हात पुसत दाराशी येतो. तो येईपर्यंत 'काय' आणि 'कुठे' निघून गेलेलं असतं. त्याच्या कानावर पडतो तो फक्त शेवट. म्हणून माझी प्रत्येक दवंडी एकाच चालीवर संपते: "वेळ, सकाळी दहा वाजता. लक्षात ठेवा, सकाळी दहा वाजता."

लोकांना याची इतकी सवय की भोंगा म्हणजे वेळ हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. एकदा एक गृहस्थ आला. बायको रुसून माहेरी गेली होती, फोन उचलत नव्हती. म्हणाला, "ताई, तिच्या गावात जाऊन भोंग्यावर सांगा, चुकलं म्हणून." मी म्हटलं, हे कसलं काम! पण माणूस रडकुंडीला आलेला. गेलो. तिच्या दारासमोर मी जमेल तेवढ्या सभ्यपणे सांगितलं की तुमचे यजमान चूक कबूल करत आहेत, कृपया घरी परत यावं. सगळी गल्ली गोळा झाली. ती बाई दाराशी आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ते समदं ठीक आहे. घ्यायले किती वाजता येऊन राह्यला तो? टाइम नाही सांगितला तुमी." दोघं आता सुखाने नांदतात. दिसले की तो मान खाली घालतो आणि ती हसते.

हे सगळं आधी सांगितलं, कारण त्याशिवाय भूकंपाचं सांगून उपयोग नाही.

सोमवारी सकाळी जमीन हलली. मोठं काही नव्हतं. मांडणीवरचे स्टीलचे डबे एकमेकांवर आपटले, टिनाचं छप्पर कुरकुरलं, गोठ्यातल्या गाई उभ्या राहिल्या, आणि मधुकरराव न बोलता चहाचा कप घेऊन अंगणात गेले. कोणाला लागलं नाही. काही जुन्या मातीच्या घरांना भेगा पडल्या, एवढंच. पण जमीन हलते म्हणजे काय हे आमच्याकडे फारसं कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे दिवसभर दुसरा विषय नव्हता.

मंगळवारी सकाळी सरकारी काम आलं. कागद नीट लिहिलेला होता: भेगा पडलेल्या घरात राहू नका, आफ्टरशॉक येऊ शकतात, सावध राहा, अफवांवर विश्वास ठेवू नका. आमच्याकडे सरकारी कागद हिंदीतच येतो, म्हणून मी तो आधी हिंदीत वाचला, मग आपल्या बोलीत सांगितला. 'आफ्टरशॉक' हा शब्द तेवढा तसाच ठेवला. मला त्याचा अर्थ साधारण ठाऊक होता, म्हणजे ठाऊक आहे असं वाटत होतं. गावोगाव फिरून दुपारी घरी आलो. घसा बसला होता, गुळण्या केल्या.

आता गंमत बघा. त्याच आठवड्यात आमच्याकडे दुसरंही काम होतं. डोळ्यांचं शिबिर. चार दिवसांपासून आम्ही त्याच गावांतून सांगत फिरत होतो: "येत्या गुरुवारी, शाळेच्या पटांगणात. वेळ, दुपारी चार वाजता. लक्षात ठेवा, दुपारी चार वाजता." आणि मंगळवारच्या दवंडीला वेळच नव्हती. लोक हात पुसत दाराशी आले, शेवट ऐकायला कान दिला, आणि शेवटच नाही! बायकांनी एकमेकींना विचारलं, "काय म्हणे? किती वाजता म्हणे?" आणि जिला जो शेवट पाठ होता तो तिने सांगितला.

दुपारी अंगणात सुमनबाई आल्या. लोधीखेड्याच्या बाजूच्या एका खेड्यात राहतात, नवरा गेल्यावर संत्र्याच्या बागेत तोडणीला जाऊन त्यांनी मुलगी शिकवली. त्या मुलीचं, पल्लवीचं, लग्न गुरुवारी होतं. तिच्या लग्नाचं निमंत्रण आम्हाला होतंच, शिवाय मांडवातला माइकही माझ्याकडेच होता. सुमनबाई उभ्याच राहिल्या.

"ताई, खरं सांगजा. आफ्टरशॉक गुरुवारी चार वाजताच आहे ना? का मागं-पुढं होऊ शकते?"

मला काही समजेना. "कोण म्हणालं?"

"तुमीच तं सांगून राह्यल्या सकाळपासून. शाळेच्या पटांगणात आहे म्हणे. आमचे सासरे तं पाहायले जाणार आहे. म्हणते, जिंदगीत पाहिला नाही, आता पाहून घेतो."

मला हसू आलं आणि ते अर्ध्यावर थांबलं, कारण सुमनबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. नवऱ्या मुलाच्या मामाचा तिगावहून फोन आला होता. ज्या दिवशी आफ्टरशॉक ठरलेला आहे त्या दिवशी वरात निघणार नाही. आधी तो होऊन जाऊ द्या, मग पुढल्या सीझनला पाहू. मुलगा गुजरातेत कारखान्यात, सुट्टी रविवारपर्यंतची. नंतरची सुट्टी केव्हा, तर ते मालक सांगेल तेव्हा.

"अन् ताई, थांबलेलं लग्न..." एवढं म्हणून त्यांनी पदराने डोळे पुसले. पुढचं मला कळलं. बापाविना पोरीचं लग्न एकदा थांबलं की लोक कारणं शोधायला लागतात, आणि कारणं कुठे आफ्टरशॉकवर थांबतात!

मी म्हटलं, "तुम्ही लग्नाच्या स्वयंपाकाची भट्टी पेटवा. बाकीचं मी बघते." म्हणायला म्हटलं खरं, पण आता लोकांना सांगायचं काय? 'आफ्टरशॉक गुरुवारी नाही' असं सांगितलं तर विचारतील, मग शुक्रवारी आहे का?

गावात आमच्या मालती मॅडम आहेत. निम्म्या सौंसरला त्यांनी भूगोल आणि इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहेत आणि वाटाणे सोलता सोलता शिकवतात. त्यांच्याकडे गेले. मी सगळं सांगितलं तर आधी त्या इतक्या हसल्या की वाटाणे सांडले. मग चष्मा पुसून म्हणाल्या, "बस इथं. आफ्टर म्हणजे नंतर, शॉक म्हणजे धक्का, हे तुला येतं. पण नुसता शब्द फोडून अर्थ हाती लागत नाही. जमिनीच्या आत मोठा खडक सरकला, तो पहिला धक्का. सरकल्यावर आजूबाजूचं सगळं पुन्हा नीट बसायला वेळ घेतं. ते बसताना जे छोटे छोटे धक्के येतात ते आफ्टरशॉक. बहुतेक पहिल्यापेक्षा लहान असतात. दिवस जातील तसे कमी होतात. क्वचित एखादा जोराचाही येतो, म्हणून भेगा पडलेल्या घरात जायचं नाही."

"आणि वेळ?"

"जगात कोणाला सांगता येत नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही नाही. आणि हो, एकच आफ्टरशॉक असतो असंही नाही. पुष्कळ असतात. आपल्याला कळतसुद्धा नाहीत."

मराठीत काय म्हणतात विचारलं तर म्हणाल्या, पश्चात्कंप. मी दोनदा म्हणून पाहिलं. "मॅडम, हे भोंग्यातून गेलं तर लोक नवी साथ आली समजतील." त्यांनाही पटलं. मग आम्ही दोघी वाटाणे सोलत बसलो आणि विचार करत राहिलो की असं दुसरं काय असतं. मोठं काहीतरी होऊन जातं, मग त्याच्यामागून छोटं छोटं येत राहतं, न सांगता, वेळ न देता, हळूहळू कमी होत. मॅडम म्हणाल्या, "पाऊस थांबल्यावरची पागोळी." छान होतं, पण पागोळीला कोण घाबरतं? तेवढ्यात मॅडमच्या सूनबाई आतून ओरडल्या, "आई, चहा किती टाकू? परवा झालेल्या वाढदिवसाचे पाहुणे आज येऊन राह्यले!"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

बुधवारी उजाडताच गाडी काढली. मधुकररावांनी विचारलं, "कुठी?" मी म्हटलं, "सगळीकडे." त्यांनी जास्तीची बॅटरी ठेवली, यावरून त्यांना प्रकरण समजलं होतं हे मला कळलं.

दवंडी अशी होती: "भावांनो, बहिणींनो, आफ्टरशॉक म्हणजे भूकंपाचे मागाहून येणारे पाहुणे. लग्नाला वरात एकदाच येते, पण नंतर आठवडाभर एक एक पाहुणा येतच राहतो. तसंच हे. बहुतेक छोटे, दिवसागणिक कमी. एखादा आडदांड निघू शकतो, म्हणून भेग पडलेल्या घरात थांबू नका, मोकळ्यात राहा. गुरुवारी चार वाजता शाळेत आहे ते डोळ्यांचं शिबिर. आणि आफ्टरशॉकची वेळ..." इथे मी थांबायचे. गल्लीच्या गल्ली दाराशी उभी. "वेळ, कोणालाच माहीत नाही. लक्षात ठेवा, कोणालाच माहीत नाही. जो सांगेल तो खोटं सांगेल."

पहिल्या गावात लोक ऐकून तसेच आत गेले. दुसऱ्या गावात एक म्हातारी म्हणाली, "माह्या भावासारखंच आहे मंग." तिथून लोक हसायला लागले, आणि लोक हसले की अर्धं काम झालं हे मला इतक्या वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे.

पण तिगावचा मामा हसणारा नव्हता. पांढुर्ण्याला चहा घेऊन आम्ही तिगावात त्यांच्या गल्लीत शिरलो. रामदासभाऊ, मुलाचा मामा, कपाळाला आठ्या घालून ओट्यावर बसलेले. मी त्यांच्या दारासमोर सगळी दवंडी म्हटली. ते म्हणाले, "बाई, गोल गोल सांगू नका. उद्याचा नाही तं कधीचा आहे? तारीख सांगा. ती टाळून लग्न लावू. आमाले काय, लग्न तं करायचंच आहे."

"भाऊ, तारीख नसतेच त्याला."

"असं कसं? प्रत्येक गोष्टीले तारीख राहते."

मी माइक बंद करून गाडीतून उतरले. आता हे भोंग्यावरचं काम नव्हतं. मी विचारलं, "भाऊ, तुमचं लग्न कसं झालं होतं?"

त्यांच्या आठ्या जरा सुटल्या. "बौद्ध पद्धतीनं. आमच्या खानदानात पहिलं. माह्या आज्यानं पंचांग काढलं होतं, तं मी म्हटलं, मुहूर्त-बिहूर्त आपल्याले चालणार नाही. रविवार होता, लोकायले सुट्टी होती, म्हणून रविवारी लावलं. आज्या दोन दिवस जेवला नाही. पण मी हटलो नाही."

"मग भाऊ, पंचांगाचा मुहूर्त तुम्ही मानला नाही, आणि आता आफ्टरशॉकचा मुहूर्त मानून राहिले?"

ओट्यावर त्यांची बायको तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. आधी ती हसली, मग शेजारची हसली. रामदासभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मधुकररावांकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. मधुकररावांनी गाडीत बसल्या बसल्या, कोणी न विचारता, त्या दिवसातलं त्यांचं एकमेव पूर्ण वाक्य उच्चारलं: "भट्टी पेटली आहे तिकडे."

मामा उठले. "पण लग्न समाजमंदिरात नाही लागणार. भेग-बिग पडली असन तं?"

"मोकळ्या मैदानात लावतो ना भाऊ. दवंडीतही तेच सांगितलंय."

"मंग वरात येते," ते म्हणाले, आणि आत वळून ओरडले, "अवं, माहा तो पांढरा शर्ट काढ!" परतीच्या वाटेवर मी इतकी खुशीत होते की घसा पूर्ण बसलेला असूनही गाणं म्हणत होते. मधुकररावांनी ऐकून घेतलं.

गुरुवारी मांडव शाळेमागच्या मोकळ्या मैदानात घातला. वरात आली, नाचत आली. चार वाजता पल्लवीचे आजोबा, गोमाजीबाबा, काठी टेकत शाळेच्या पटांगणात गेलेच. सगळ्यांनी समजावलं होतं, पण माणसाने एकदा ठरवलं की ठरवलं. तासाभराने परत आले. मी विचारलं, "बाबा, काय झालं?"

"आफ्टरशॉक नाही आला," ते जरा नाराजीने म्हणाले. "पण डोये तपासले. चश्मा भेटन म्हणते."

संध्याकाळच्या उन्हात लग्न लागलं. त्रिशरण-पंचशील झालं, दोघांनी एकमेकांना हार घातले, आणि मी माइकवर टाळ्यांची विनंती केली. टाळ्या सुरू होत्या, फुलं अजून हवेत होती, आणि पायाखाली बारीकसं काहीतरी थरथरलं. फार नाही. पंगतीसाठी रचलेली ताटं खणखणली. मांडवाचे दिवे झुलले. पाण्याच्या ड्रममधलं पाणी किंचित उसळलं.

टाळ्या थांबल्या. मामांनी भाच्याचा खांदा घट्ट धरला. आणि मग, तुम्हाला खोटं वाटेल, सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर मी कागदावरचं बोलत आले. आज हातात माइक होता आणि कागद नव्हता.

तेवढ्यात गोमाजीबाबा उठले. आनंदाने त्यांचा चेहरा फुलला होता. "आला का? आला का तो? अरे, बसवा त्याले पंगतीत! लंबून आला असन!"

आधी मुलं हसली, मग बायका, मग शेवटी मामा, आणि मामा हसले ते असे हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. एकही माणूस मैदानातून हलला नाही. सुमनबाई पल्लवीला मिठी मारून हसत होत्या आणि रडत होत्या, आणि त्या हसण्या-रडण्यातूनच त्यांनी मला हाक मारली, "ताई, सांगा ना आता! टाइम सांगा ना!"

मी माइक तोंडाशी धरला.

"भावांनो, बहिणींनो. आफ्टरशॉक येऊन गेला. नवरा-नवरी मांडवात आहेत. जेवण तयार आहे. वेळ, आत्ता. लक्षात ठेवा, आत्ताच."